डू ॲज डायरेक्टेड

दहावीच्या इंग्रजीची उजळणी पूर्वपरीक्षेचे पेपर वर्गात वाटले की सुरू होते आणि बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री उशिरा कधीतरी संपते. कोल्हापुरात हे दिवस ऊसतोडीचे आणि गुऱ्हाळांचे. सकाळच्या थंडीत राजारामपुरीच्या गल्ल्यांमधून क्लासला निघालेली मुले कानटोप्या घालून सायकली हाणत असतात आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत असतात. ते स्तोत्र नसते, क्रियापदांची तीन रूपे असतात. शिकलेले पुन्हा एकदा नजरेखालून घालणे याला उजळणी म्हणतात. प्रत्यक्षात निम्म्या वर्गाची या विषयाशी पहिली गाठ उजळणीतच पडते. जुलैत तो शिकवला जातो तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालेली असते, आणि वर्गाचे सारे लक्ष सुट्टी जाहीर होते का याकडे असते.

व्याकरणाच्या भागाला पेपरात ‘लँग्वेज स्टडी’ म्हणतात आणि त्यातल्या प्रश्नाच्या डोक्यावर ‘डू ॲज डायरेक्टेड’ असे लिहिलेले असते. सांगितले तसे करा, आपले डोके चालवू नका, एवढाच त्याचा आशय. कोल्हापूर विभागीय मंडळात कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. सांगितले तसे करण्याबद्दल तिन्हींपैकी एकाचीही ख्याती नाही. जुन्या सातारा जिल्ह्यात तर १९४३ मध्ये लोकांनी स्वतःचे प्रतिसरकारच चालवले होते. तरीही हे मार्क हातचे समजले जातात. ‘टू’ काढा, ‘अनलेस’ घाला, ‘नो सूनर’ वापरा. यातल्या ‘नो सूनर’चा दरारा विशेष. त्याच्या मागोमाग ‘डिड’ आणि पुढे कुठेतरी ‘दॅन’ आलाच पाहिजे, नाहीतर मार्क गेला. खुद्द इंग्लंडात बसस्टॉपवर या शब्दांनी वाक्य सुरू करणारा माणूस भेटणे कठीण. गडहिंग्लजच्या परीक्षा केंद्रावर मात्र एका सकाळी शेकडो भेटतात.

इंग्रजी कोल्हापूरला नवी नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले तेव्हा प्रवासाची दैनंदिनी त्यांनी इंग्रजीत ठेवली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला, वयाच्या विसाव्या वर्षी, ते वारले. दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली. त्यांचे नाव लावणाऱ्या कॉलेजची सुरुवात १८८० ची. गोपाळ कृष्ण गोखले तिथे काही काळ शिकले, आणि पुढे कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांचे इंग्रजी ऐकताना साहेबालाही सावरून बसावे लागे. या दोघांच्या काळात ‘क्वेश्चन टॅग’ला एक मार्क नव्हता, हे लक्षात ठेवलेले बरे. पुढच्या पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकत मोठ्या झाल्या; चुकायचे नाही पण हसायचेही नाही, अशा बेताच्या इंग्रजीला तर्खडकरी म्हणण्याची पद्धत त्यातून पडली. मग रेन आणि मार्टिन आले. त्यांच्या जाडजूड व्याकरणाने घराघरांतल्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या शेजारी जागा मिळवली. यातले रेन म्हणजे पी. सी. रेन. माणसे घरदार सोडून वाळवंटातल्या परदेशी पलटणीत कशी भरती होतात, याची ‘ब्यू जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी त्यांनी १९२४ मध्ये लिहिली. त्यांचे व्याकरण ज्यांनी सोडवले आहे त्यांना त्या माणसांचे आश्चर्य वाटत नाही. जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीलाच इंग्रजी आली. त्यामुळे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो आणि पूर्वीच्या विद्यार्थ्यांइतकाच गोंधळलेला असतो; फक्त त्याचा उच्चार बरा असतो.

उजळणीचा पहिला मुक्काम शब्दांच्या जातींवर. त्या आठ असतात. सर फळ्यावर नाउन, प्रोनाउन लिहू लागले की मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, हे मराठीत झालंय की.” मुलगा टंगळमंगळ करत असला तरी त्याचे म्हणणे खरे आहे. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढे ठेवूनच. आपल्याकडच्या यास्काचे काम नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात या चारांत भागले होते. आठांचा हिशेब साहेबाकडून मराठीत आला आणि तिथे इतका मुरला की आता इंग्रजीच्या तासाला तो मराठीची नक्कल वाटतो. शब्दाची जात त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाही, वाक्यातल्या कामावरून ठरते, हे सर दरवर्षी सांगतात. याचे उत्तम उदाहरण पुस्तकात नाही, वर्गाबाहेर आहे. ‘नादखुळा’ हा शब्द कोल्हापुरात विशेषण, क्रियाविशेषण, उद्गार आणि पूर्ण वाक्य अशा चार नोकऱ्या एकटा सांभाळतो. ‘विषय हार्ड’ मधला ‘हार्ड’ इंग्रजीतून आला खरा, पण त्याचा अर्थ अवघड असा घेऊन चालणारा माणूस परगावचा समजला जातो.

त्यानंतर शब्दांची मोडतोड: पुढचा तुकडा प्रीफिक्स, मागचा सफिक्स. नकार लावताना ‘पॉसिबल’ला ‘इम’, ‘लीगल’ला ‘इल’, ‘रेग्युलर’ला ‘इर’ का लावायचे हे पाठ करावे लागते, असे सगळा वर्ग धरून चालतो. त्याच वर्गाने मराठीच्या तासाला ‘उत्’ आणि ‘लेख’ यांचा ‘उल्लेख’ करून मार्क मिळवलेले असतात. पुढच्या अक्षराला पाहून मागच्याने आपला सूर बदलायचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच. ‘अयोग्य’मध्ये नुसता ‘अ’ आणि ‘अनादर’मध्ये ‘अन्’, हेही इंग्रजीच्या ‘अन’चे दूरचे सख्खे नातेवाईक; ग्रीक, लॅटिन, संस्कृत आणि इंग्रजी यांचा नकार मुळात एकाच घरातला. नकाराच्या बाबतीत माणसे लवकर एकमत होतात.

नियम हाती आला की तो सगळीकडे चालवून पाहण्याची हौस येते. पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नाही, हे नुकतेच शिकलेला विद्यार्थी त्यावरून हा माल पेट घेत नाही असा निष्कर्ष काढतो. निष्कर्ष चुकीचा, पण रीत बरोबर. तिथला ‘इन’ नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा आहे, आणि हा घोटाळा इंग्रजांच्याही लक्षात आल्याने अलीकडे काही टँकरवर नुसते ‘फ्लेमेबल’ लिहितात. मागच्या तुकड्यांची हीच तऱ्हा. शिकवतो तो टीचर, गातो तो सिंगर. स्वयंपाक करतो तो मात्र कुक, आणि कुकर म्हणजे शिट्ट्या देणारे भांडे. ‘आयएनजी’ लावून केलेल्या नामाचे उदाहरण विचारले तर पोरे ‘स्विमिंग’ सांगतात. कोल्हापूरच्या मुलाने खरे तर ‘बोर्डिंग’ सांगावे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि मग एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहत गेली. इंग्रजी क्रियापदाला इंग्रजी प्रत्यय लावून झालेले हे नाम गावाने नपुंसकलिंगी ठरवले, त्याचे अनेकवचन केले, त्याला मराठी विभक्ती लावली. ‘बोर्डिंगातली पोरं’ या दोन शब्दांत अर्ध्या तासाचे व्याकरण आहे.

आर्टिकलवर फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण शिकवून ते येत नाही. एक गोष्ट मात्र मराठी मुलाच्या पथ्यावर पडते. ‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरते. तेव्हा शब्द देवनागरीत लिहून पाहावा. ‘युनिव्हर्सिटी’ची सुरुवात ‘य’ या व्यंजनाने होते, म्हणून शिवाजी विद्यापीठ ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एमएलए’ ‘ए’ या स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एमएलए’. इंग्रजीच्या स्पेलिंगने जे लपवले ते बाराखडी चटकन दाखवते. अर्थात याच बाराखडीच्या जोरावर ‘फ्यूचर’चे ‘फुटुरे’ आणि ‘नेचर’चे ‘नटुरे’ करून स्पेलिंग पाठ करणाऱ्या पिढ्याही होऊन गेल्या. त्यांची स्पेलिंगे आजतागायत पक्की आहेत, उच्चाराचे मात्र त्या काही बोलत नाहीत.

व्हॉइसचे प्रकरण जरा गंभीर आहे. व्हॉइस म्हणजे प्रयोग, असे सांगून सर पुढे जातात आणि घोळ तिथेच सुरू होतो. इंग्रजीत प्रयोग दोन, मराठीत तीन. शिवाय ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य मराठीच्या सरांच्या मते कर्मणी आणि त्याचेच इंग्रजी भाषांतर इंग्रजीच्या सरांच्या मते ॲक्टिव्ह. एकाच दिवशी, एकाच आंब्याबद्दल, दोन तासांना दोन निकाल. मुलगा मुकाट्याने दोन्ही वह्यांत दोन्ही उत्तरे लिहितो; त्याला आंबा मिळत नाही, मार्क मिळतात. तिसऱ्या म्हणजे भावे प्रयोगाला इंग्रजीत जोडीदारच नाही. ‘शिपायाने चोराला पकडले’ यात क्रियापद शिपायाचे ऐकत नाही आणि चोराचेही ऐकत नाही. भाऊबंदकीच्या बैठकीला बोलावलेल्या परगावच्या पाहुण्यासारखे ते नपुंसकलिंगी एकवचनात गप्प बसून राहते.

पॅसिव्ह कशासाठी वापरतात, तर कर्ता महत्त्वाचा नसेल किंवा सांगायचा नसेल तेव्हा. मराठी मुलाला त्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. वर्गात क्रिकेट झाल्यावर हेडसरांपुढे ‘काच फुटली’ एवढे दोन शब्द पुरतात. काच होती, ती फुटली, मध्ये कोणी नव्हते. खरा पॅसिव्ह सरकारी मराठीत नांदतो. रस्ता खोदण्यात आला आहे, काम लवकरच पूर्ण करण्यात येईल, नागरिकांनी सहकार्य करावे असे आवाहन करण्यात येत आहे. यातल्या कोणत्याही वाक्याला ‘बाय’ लावून कर्ता विचारला तर दहावीचा वर्ग सोडाच, महापालिकेच्या पुढच्या सभेतही उत्तर येत नाही.

काळ आणि क्रियापद यांच्या बाबतीत कोल्हापूरच्या मुलींना एक जन्मजात सवलत आहे. पुण्याची मुलगी ‘मी जाते’ म्हणते. कोल्हापूरची मुलगी सरळ ‘मी जातो’ म्हणते, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. इंग्रजी क्रियापदाला लिंगाशी कर्तव्य नसते, त्यामुळे ‘आय गो’ या वाक्यापाशी ती आधीच पोहोचलेली असते. अडते ते ‘शी’पाशी. तिथे क्रियापदाला ‘एस’ लागतो आणि तो विसरणे हा सर्व जिल्ह्यांचा समान हक्क आहे.

इनडायरेक्ट स्पीच हा कोल्हापुरी स्वभावाच्या थेट विरुद्ध जाणारा धडा. इथे कोणी दुसऱ्याचे बोलणे सांगते तेव्हा ते जसेच्या तसे, आवाज काढून, हातवाऱ्यांसह सांगते. “मी म्हटलं, ‘पैशाचं काय झालं?’ तर म्हणतोय, ‘उद्या बघू.’ म्हटलं, ‘रोज उद्याच व्हय रं?’” आता याचे इनडायरेक्ट करायचे. प्रश्नचिन्ह जाते, अवतरणचिन्हे जातात, काळ एक पायरी मागे सरकतो, ‘नाऊ’चा ‘देन’ आणि ‘हिअर’चा ‘देअर’ होतो, ‘टुमॉरो’ जाऊन ‘द नेक्स्ट डे’ येतो. उरतो तो पोलिसांचा पंचनामा: एकाने पैशांबाबत विचारणा केली, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी पाहू असे उत्तर दिले. उद्गारांची अवस्था त्याहून करुण. ‘हुर्रे’ असेल तर ‘आनंदाने उद्गारला’, ‘अलास’ असेल तर ‘दुःखाने उद्गारला’, असा नियम पाठ असतो. ‘आयला’ या शब्दात आनंद, दुःख, आश्चर्य आणि कौतुक प्रसंगानुसार येऊन जाते, त्यासाठी रेन आणि मार्टिन यांनी तरतूद केलेली नाही.

मग क्वेश्चन टॅग. वाक्य होकारी असेल तर शेपूट नकारी, वाक्य नकारी तर शेपूट होकारी. वाक्यात ‘इज’ असेल तर शेपटात ‘इजन्ट’, ‘कॅन’ असेल तर ‘कान्ट’, काहीच नसेल तर ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ शोधून आणायचे. वर कर्त्याचे सर्वनाम. ‘आय ॲम’ला ‘आरन्ट आय’ का लागते, याचे पटेल असे उत्तर सरांकडे नसते. हे सगळे काम कोल्हापुरात ‘न्हवं’ हा एकच शब्द करतो. जेवलास न्हवं? येणार हाईस न्हवं? त्यो न्हाई आला न्हवं? होकार, नकार, तिन्ही काळ, कर्ता कोणीही असो, शेपूट बदलत नाही. अशी सोय हाताशी असलेल्या माणसाला एका मार्कासाठी ‘मस्टन्ट ही’ लिहायला लावणे हा खरे तर अन्याय आहे. आपल्याकडचे बरेच लोक इंग्रजी बोलताना प्रत्येक वाक्याला ‘इजन्ट इट’ लावतात. ते चुकत नसतात, ‘न्हवं’चे भाषांतर करत असतात.

आता अलंकार. इंग्रजीच्या तासाला सर्वांत जास्त घाबरवणारा आणि वर्गाबाहेर सर्वांत जास्त वापरला जाणारा हा भाग. हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, याचे उदाहरण द्या असे म्हटल्यावर वर्ग शांत बसतो. हाच वर्ग ‘जगात भारी, कोल्हापुरी’ हे वाक्य गाडीच्या नंबरप्लेटपासून लग्नाच्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे वाचत मोठा झालेला असतो; अडचण इतकीच की त्याला ती अतिशयोक्ती वाटत नाही, माहिती वाटते. उलट टोकाला, चांगल्या गोष्टीला मुद्दाम कमी करून सांगण्याचाही अलंकार आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या रिचवून, कपाळाचा घाम पुसत पाहुणा ‘काय वाईट न्हाई’ म्हणतो तो हाच. पर्सॉनिफिकेशनसाठी पावसाळ्यातले स्थानिक वर्तमानपत्र पुरते: पंचगंगा पात्राबाहेर पडली, ४३ फुटांची धोका पातळी तिने ओलांडली, मग ती शिरली, थांबली, ओसरू लागली. नदीच्या हालचालींचे असे वृत्तांत छापून येतात तसे फारच थोड्या माणसांचे येतात.

इन्व्हर्जन म्हणजे कवीने यमकासाठी शब्दांचा क्रम उलटा करणे. कोल्हापुरात यमक नसतानाही तो उलटा असतो: ‘आलास व्हय रं?’, ‘खाल्लास का भात?’ क्रियापद पुढे, बाकीचे मागून सावकाश. युफेमिझमवर तर मराठीने इंग्रजीला शिकवणी द्यावी. दुकान बंद होत नाही, वाढते. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. माणूस मरत नाही, त्याला देवाज्ञा होते. टॉटॉलॉजीला ‘पिवळा पितांबर’ घरचाच. ऑक्झिमोरॉन म्हणजे परस्परविरुद्ध शब्दांची जोडी, यासाठी पुस्तके इकडून तिकडून उदाहरणे गोळा करतात. तालमीच्या कट्ट्यावर दोन जिवलग मित्र भेटल्यावर पहिले वाक्य जे ऐकू येते, त्याचे वर्णन प्रेमळ शिवी असेच करावे लागते. हे उदाहरण उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही, हा बोर्डाचा तोटा. ट्रान्स्फर्ड एपिथेट मात्र दरवर्षी जड जाते. विशेषण एकाचे असते आणि लावलेले दुसऱ्याला असते, असे सर समजावतात: रात्र जागत नाही, माणूस जागतो, तरी रात्रीला ‘जागती रात्र’ म्हणायचे. वर्ग मान डोलावतो आणि पेपरात मेटाफर लिहून येतो.

या सगळ्यांवर मात करणारा एक अलंकार आहे, तो म्हणजे अलिटरेशन, आपला अनुप्रास. एका ओळीत जवळजवळच्या दोन शब्दांचे पहिले अक्षर सारखे असले की झाला, असे क्लासात सांगतात. ओळीत दोनदा ‘द’ आला तरी पोरे त्यावर तोच शिक्का मारतात. अनुप्रास अक्षराचा नाही, आवाजाचा असतो, ही बारीक गोष्ट तपासणारे सोडून देतात. काही सुचले नाही तर अलिटरेशन लिहा, तेही नाही दिसले तर रिपिटिशन लिहा, हा उजळणीतला सर्वांत मौल्यवान सल्ला सर शेवटी, आवाज खाली आणून देतात.

कवितेचे रसग्रहण हे या साऱ्या हत्यारांचे प्रदर्शन. त्याचा साचा ठरलेला असतो: शीर्षक, कवीचे नाव, यमकरचना, आवडती ओळ, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि कविता का आवडली. शीर्षक आणि कवी यांचे मार्क प्रश्नपत्रिकेवरूनच उतरवून घेता येतात. आवडती ओळ म्हणून सहसा सर्वांत छोटी ओळ आवडते, कारण तिच्यात स्पेलिंग चुकण्याची जागा कमी असते. मध्यवर्ती कल्पना निसर्गाची कविता असेल तर निसर्ग सुंदर आहे, झाडाची असेल तर झाडे जगवावीत, आणि काहीच कळले नसेल तर माणसाने आशावादी असावे, ही असते. कविता का आवडली? ती साधी, सोपी आणि अर्थपूर्ण आहे म्हणून. नावडण्याची मुभा साच्यात आहे, पण ती घेणारा विद्यार्थी अजून कोणी पाहिलेला नाही.

यमकरचनेला मात्र गावाने मान द्यावा अशी परंपरा आहे. वृत्तांचा कीस काढणारा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ ज्यांनी लिहिला ते माधव जूलियन याच गावात, राजाराम कॉलेजात, फारसी शिकवत. आता गण, मात्रा आणि यती यांच्यात कोणी पडत नाही. ओळींच्या शेवटच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारायच्या, जुळणाऱ्यांना एक अक्षर द्यायचे आणि खाली ‘ए ए बी बी’ किंवा ‘ए बी ए बी’ लिहायचे. डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द कानाला सारखे वाटतीलच असे नाही, ‘कट’ आणि ‘पुट’ जुळत नाहीत, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. एकही जोडी जुळली नाही तर ‘फ्री व्हर्स’ लिहावे. त्याचे स्पेलिंग ऐनवेळी आठवले नाही तर ‘ए बी सी डी’ लिहून मोकळे व्हावे. यमक नसलेल्या चार ओळींना तेही बरोबरच असते.